सही करण्याआधी क्यू शीट मागा

मिरजेच्या एका गायिकेचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

«मी संगीत विशारद, वय 27. शिकवण्या घेते, भावगीतांचे कार्यक्रम करते, दोन गाणी माझ्या यूट्यूब चॅनलवर आहेत. मुंबईत एक दैनंदिन मालिका सुरू होते आहे. एका रेकॉर्ड कंपनीचं घराणं आणि तिथे गायिका व्हायला आलेली गावाकडची मुलगी, अशी गोष्ट. तिचं टायटल साँग मी चाल लावून, गाऊन पाठवलं, शब्द माझ्या आतेभावाचे. त्यांनी पसंत केलं. नायिकेची गाणीही माझ्याच आवाजात घ्यायची म्हणतात. टायटलचे 40 हजार, पुढे दर गाण्याचे 5 हजार. दीड पानी इंग्रजी करार आलाय: ‘वर्क फॉर हायर’, सगळे हक्क कायमचे, अख्ख्या विश्वात, आजच्या आणि पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांसाठी, रॉयल्टी सोडून दिली. प्रॉडक्शनचे दादा म्हणाले, सगळेच करतात यावर सही, सोमवारपर्यंत पाठव. करू का सही? मालिका हिंदीत डब झाली, ओटीटीवर गेली तर मला काही मिळतं का? गाण्यात आजीची ओवी घेतली आहे, तिचं काय? आणि हेच गाणं मला गणपतीत गाता येईल ना?»

ताई, काम सोडू नका. पण हा कागद आहे तसा सही करून पाठवू नका. चार-पाच ओळी बदलून घ्यायच्या आहेत, आणि त्या मागताना कचरायचं कारण नाही. त्यातल्या बहुतेक गोष्टी कायद्यानं तुमच्या आहेतच.

आधी एक गाठ सोडवू. ज्याला तुम्ही ‘गाणं’ म्हणता ते कॉपीराइट कायद्याच्या नजरेत चार वेगळ्या वस्तू आहेत. शब्द ही साहित्यकृती, तिचा कर्ता तुमचा आतेभाऊ. चाल ही संगीतकृती, तिच्या कर्त्या तुम्ही. कायद्याच्या व्याख्येत चालीत शब्द धरलेलेच नाहीत, म्हणून दोघांचा हक्क स्वतंत्र उभा राहतो. तिसरं तुमचं गायन, म्हणजे कलाकाराचा हक्क. चौथं ध्वनिमुद्रण, त्याचा कर्ता निर्माता मानला जातो. तुमच्या करारात या चारही वस्तू ‘द वर्क’ या एका शब्दात कोंबल्या आहेत आणि खाली सही फक्त तुमची मागितली आहे. आतेभावाच्या शब्दांवर तुम्ही सही करू शकत नाही. केलीत, तर उद्या त्याला काही मिळालं नाही म्हणून घरात वाद होईल आणि निर्माता तुमच्याकडे बोट दाखवेल. त्याचा करार वेगळा, त्याचे पैसे वेगळे. ते 40 हजार दोघांचे की फक्त तुमचे, हे आजच ईमेलवर विचारा, फोनवर नको. आणि तुमच्या रकमेतही चालीचे किती, गाण्याचे किती, हे फोडून मागा. ते का, ते पुढे करांच्या ठिकाणी येईलच.

आता ‘रॉयल्टी सोडून दिली’ या वाक्याबद्दल. 1977 साली सर्वोच्च न्यायालयानं चित्रपटसंगीताच्या बाबतीत निकाल दिला होता की निर्मात्यानं मोबदला देऊन करून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक निर्माताच. त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वेगळी पुरवणी जोडून लिहिलं होतं की गाणाऱ्याला आपल्या कायद्यात जागाच नाही, संसदेनं इकडे लक्ष द्यावं. पुढची पस्तीस वर्षं गीतकार-संगीतकारांनी एकरकमी पैसे घेतले आणि गाणी दुसऱ्यांसाठी कमवत राहिली. 21 जून 2012 पासून दुरुस्त कायदा लागू झाला आणि चित्र बदललं. कलम 18 आणि 19 आज सांगतात की चित्रकृतीत घेतलेल्या गाण्याचे हक्क तुम्ही कुणालाही दिलेत तरी रॉयल्टीतला समान वाटा तुम्हाला देऊन टाकता येत नाही. तो फक्त वारसांकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडे, म्हणजे सभासदांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेकडे, जाऊ शकतो. याच्या उलट लिहिलेला करार त्या पुरता रद्दबातल. एकच अपवाद आहे: चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजलेलं गाणं. टीव्ही, ओटीटी, यूट्यूब, रिंगटोन, हॉटेलात वाजणं, सगळं त्या अपवादाच्या बाहेर. आणि ‘सिनेमॅटोग्राफ फिल्म’च्या व्याख्येत कोणतंही दृश्य-मुद्रण येतं, म्हणजे मालिकाही आली.

‘वर्क फॉर हायर’ हा शब्दप्रयोग अमेरिकी कायद्यातला. आपल्याकडे नोकरीत असताना केलेल्या कामाचा मालक नोकरी देणारा, असं कलम आहे, पण तुम्ही पगारी नोकर नाही. शिवाय 2012 नंतर त्या कलमालाही पुस्ती आहे की चित्रकृतीत घेतलेल्या साहित्य-संगीताच्या कर्त्याचा हक्क त्यानं बाधित होत नाही. ‘पुढे निघणारी सर्व माध्यमं’ हेही असं सहज चालत नाही. कराराच्या वेळी अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाचा नाव घेऊन उल्लेख नसेल तर तो हक्क दिला गेला असं धरलं जात नाही. ‘कायमचे’ आणि ‘सर्वत्र’ हे मात्र लिहिलं तर लागतं. काहीच लिहिलं नसेल तर मुदत 5 वर्षं आणि प्रदेश फक्त भारत, असं कायदा मानतो. म्हणून ते लोक तो शब्द आठवणीनं घालतात.

मग वाचून वाटेल, वाटा कायद्यानंच राखला आहे तर भीती कशाची? हा वाटा कुणी हिसकावून घेत नाही, तो नोंदच होत नाही. हक्क शाबूत असतो आणि पैसे कुणाच्या नावे टाकायचे हेच कागदावर नसतं. तो कागद म्हणजे क्यू शीट. या सगळ्या उत्तरातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

क्यू शीट म्हणजे एका भागात वाजलेल्या प्रत्येक संगीताची यादी. एका ओळीत गाण्याचं नाव, गीतकार, संगीतकार, प्रकाशक म्हणजे म्युझिक कंपनी, वापराचा प्रकार आणि सेकंदांत लांबी. वापराचे प्रकार साधारण तीन: टायटल, पडद्यावर पात्र गाताना दिसतं ते, आणि पार्श्वभूमीला वाजतं ते. निर्मितीसंस्था ती भरते, चॅनलकडे आणि सोसायटीकडे जाते, आणि परवान्याचे जमा झालेले पैसे तिच्या आधारे वाटले जातात. टायटल 40 सेकंदांचं धरा. आठवड्याला सहा भाग, वर्षाला 312. म्हणजे 12,480 सेकंद, जवळजवळ साडेतीन तास तुमची चाल एका वर्षात पहिल्या प्रसारणातच वाजली. पुनःप्रक्षेपण वेगळं, ओटीटी वेगळं. ते साडेतीन तास कागदावर ‘टायटल म्युझिक – प्रॉडक्शन’ एवढंच लिहून गेले, तर तुमचं नाव शोधायला कुणी येणार नाही.

दैनंदिन मालिकेत हे मुद्दाम कमी आणि घाईनं जास्त होतं. भागांची बँक, म्हणजे आधी तयार ठेवलेले भाग, दोन-तीन दिवसांवर आलेली असते, संकलन रात्री चालतं, क्यू शीट भरायचं काम ज्याच्याकडे असतं त्याच्यासमोर फाइलचं नाव असतं ‘टायटल_फायनल_3_न्यू’. तो तेच लिहितो. शिवाय तुमचा एखादा आलाप एका प्रसंगासाठी घेतलेला असतो. नायिका खिडकीत उभी, आई गेल्याची बातमी, बारा सेकंदांचा आलाप. तो इतका चपखल बसतो की पुढे प्रत्येक रडण्याच्या प्रसंगाखाली तोच लावला जातो. शंभर भागांत तो दोनशे वेळा वाजतो आणि क्यू शीटमध्ये एकदाही येत नाही, कारण संकलकाच्या फोल्डरमध्ये तो ‘सॅड आलाप’ नावाचा नुसता ध्वनी असतो.

यावरचा उपाय तुमच्याच हातात आहे आणि त्याला वकील लागत नाही. स्टुडिओतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र नाव द्या, सॅड व्हर्जन, गुणगुणणं, बासरीवरची धून, नुसता आलाप, सगळ्याला. फाइलच्या नावातच गाण्याचं नाव, प्रकार, तुमचं आडनाव, लांबी, तारीख घाला. सोबत एका ईमेलात त्याच तुकड्यांची यादी लिहा: गीतकार, संगीतकार, गायिका, लांबी. क्यू शीट भरणाऱ्याला ती उचलून चिकटवता आली पाहिजे. नावाचं इंग्रजी स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा, पॅनकार्डावर आहे तेच. लग्नाआधीचं आडनाव यूट्यूबवर आणि नंतरचं सोसायटीत, असं झालं की यंत्रणेला त्या दोन बायका वाटतात.

सोसायटीचं काम सही करण्याआधी सुरू करा. गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. 1969 साली स्थापन झालेली, मुख्यालय मुंबईत, 2012 च्या दुरुस्तीनंतर 2017 साली पुन्हा नोंदणी झालेली. अर्ज ऑनलाइन होतो. पॅन, आधार, रद्द केलेला धनादेश, फोटो आणि प्रसिद्ध झालेल्या कामाचा पुरावा तयार ठेवा. तुमची यूट्यूबवरची दोन गाणी इथे उपयोगी पडतील. आतेभावानंही स्वतंत्र सभासद व्हायचं. सभासद झालात की आयपीआय क्रमांक मिळतो, तो तुमच्या नावाला जगभर चिकटतो. मग प्रत्येक कृतीची नोंद करायची. नोंदवलेल्या कृतीला आयएसडब्ल्यूसी हा क्रमांक असतो, टी या अक्षरानं सुरू होणारा. ध्वनिमुद्रणाचा क्रमांक वेगळा, तो आयएसआरसी, बारा अक्षरा-अंकांचा, आणि तो म्युझिक कंपनी देते. दोन्ही एकमेकांना जोडलेले नसतील तर ऑनलाइन वाजलेल्या गाण्याचे पैसे चालीपर्यंत पोचत नाहीत. म्हणून गाणं प्रकाशित झालं की कंपनीकडून आयएसआरसी मागून घ्या आणि सोसायटीतल्या नोंदीत घाला.

क्रमाचं महत्त्व असं की तुम्ही हक्क आधी सोसायटीकडे दिले असतील, तर त्या अटींच्या विरुद्ध नंतर कुणाला दिलेले हक्क कलम 19 नुसार रद्दबातल ठरतात. सभासदत्व सोमवारपर्यंत होणार नाही, म्हणून करारात ओळ घालून घ्यायची. गायिका म्हणून तुमच्यासाठी संस्था निराळी, इसाम्रा: गायक आणि वादकांची. ती आधी इसरा या नावानं 2013 साली गायकांनीच उभी केली. तिथेही अर्ज करा. गाणाऱ्याचा हक्क सादरीकरणापासून 50 वर्षं असतो, तर चालीचा आणि शब्दांचा कर्त्याच्या हयातीनंतर 60 वर्षं.

आता बदलायच्या ओळी. इंग्रजी करार त्यांचाच राहू द्या, तुम्ही फक्त चार ओळी जोडा किंवा बदला. मजकूर असा, इंग्रजी रूप ओळखीच्या वकिलाकडून करून घ्या:

«या करारातील कोणतंही कलम गीतकार व संगीतकार यांचा कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 18 व 19 नुसार रॉयल्टीत समान वाटा मिळण्याचा हक्क कमी करणार नाही. हा वाटा ते थेट किंवा आपण सभासद असलेल्या अथवा होणाऱ्या कॉपीराइट सोसायटीमार्फत घेतील. कलम 38अ नुसार गायिकेला मिळणारी रॉयल्टीही अबाधित राहील.»

«निर्माता प्रत्येक भागाची क्यू शीट प्रसारणानंतर 30 दिवसांत चॅनलला व सोसायटीला देईल आणि तिची प्रत संगीतकाराला ईमेलनं पाठवेल.»

«गीतकार, संगीतकार व गायिका यांची नावं मालिकेच्या श्रेयनामावलीत, यूट्यूब वर्णनात आणि संगीत मंचांवरच्या नोंदीत दिली जातील.»

«संगीतकार व गायिका हे गीत आपल्या प्रत्यक्ष कार्यक्रमांत सादर करू शकतील, तसंच त्याची ध्वनिचित्रफीत आपल्या चॅनलवर ठेवू शकतील.»

पाचवी ओळ आवाजाबद्दलची आहे, ती खाली येते. मुदत दहा वर्षांवर आणता आली तर सोनं, पण नव्या संगीतकाराला बहुतेक कंपन्या तिथे नाही म्हणतात. त्यावर अडून बसू नका. अडायचं असेल तर पहिल्या दोन ओळींवर अडा. रॉयल्टीची ओळ कायदाच सांगतो, तिला नकार देण्यात त्यांचाही फायदा नाही. क्यू शीटच्या ओळीला खर्च शून्य आहे.

न वापरलेल्या गाण्यांचंही विचारा. दैनंदिन मालिकेत चार चाली मागवतात, एक घेतात. घेतलेल्या हक्काचा वर्षभरात वापर केला नाही तर तो हक्क परत येतो, पण करारात वेगळं लिहिलं असेल तर नाही. तुमच्या दीड पानात शेवटून तिसऱ्या ओळीत ‘वापर केला वा न केला तरी’ अशा अर्थाचे शब्द असतील तर ते खोडा. नाकारलेली चाल तुमची तुम्हाला परत हवी.

दर गाण्याचे 5 हजार या आकड्यापेक्षा ‘गाणं’ म्हणजे काय हे लिहून घेणं जास्त मोलाचं आहे. तीन मिनिटांचं पूर्ण गाणं आणि रियाजाच्या दृश्यातला वीस सेकंदांचा पलटा, दोन्ही त्यात येतात का? दुरुस्तीसाठी पुन्हा मुंबईला जायचं तर प्रवासखर्च कुणाचा? एका गाण्याला एक पूर्ण मुद्रण आणि दोन फेऱ्यांची दुरुस्ती मानधनात, त्यापुढे जादा, एवढं तरी लिहा. पैसे कधी, हेही लिहा. या क्षेत्रात प्रसारणानंतर 90 दिवसांची रीत आहे. तुमचं काम मात्र फाइल दिली की संपतं आणि प्रसारणाची तारीख तुमच्या हातात नसते, म्हणून निम्मे फाइल देताना आणि निम्मे त्यानंतर ठरावीक दिवसांत, असं मागा.

मालिकाच संगीतावरची असल्यामुळे इथे एक तांत्रिक धोका आहे, तो साध्या टायटल साँगला नसतो. नायिका पडद्यावर गाते. चित्रीकरणाच्या दिवशी सेटवर तुमचा ट्रॅक वाजतो आणि ती ओठ हलवते. घाईत कच्चा ट्रॅक दिला जातो, ‘फायनल नंतर बदलू’ म्हणून. कच्चा ट्रॅक मिनिटाला 90 ठोक्यांच्या लयीत आणि पक्का 92 च्या, असं झालं, तर कच्च्यात जे मिनिटभर चालतं ते पक्क्यात 58.7 सेकंदांत संपतं. सव्वा सेकंदाहून जास्त फरक, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशोबानं बत्तीस-तेहतीस फ्रेम. शेवटच्या ओळीला ओठ एकीकडे आणि स्वर दुसरीकडे. मग तुम्हाला रात्री अकराला फोन येतो, चित्राला जुळवून पुन्हा गा. सेटवर जाणाऱ्या ट्रॅकची लय आणि रचना पक्कीच असली पाहिजे, आवाज कच्चा असला तरी चालेल. सुरुवातीला दोन आवर्तनं ठोका सोडा.

पट्टीचंही तसंच. चित्रीकरण काळी चारमध्ये झालं, नंतर तुमचा आवाज बसला म्हणून ट्रॅक अर्ध्या स्वरानं उतरवून पांढरी पाचमध्ये आणला, तर कानाला कळणार नाही, पण क्लोजअपमध्ये नायिकेचं बोट पेटीच्या काळ्या पट्टीवर असतं आणि षड्ज ऐकू येतो शेजारच्या पांढरीचा. मराठी प्रेक्षकांत पेटी शिकलेले लोक घरोघरी आहेत, ते लगेच ओळखतात. फाइलवर पट्टी आणि लय दोन्ही लिहा. नायिकेला तानपुऱ्यावर हात ठेवायचा असेल तर चार तारांचा क्रम आणि गती दाखवणारा मिनिटभराचा व्हिडिओ पाठवा. मिरजेत राहणाऱ्या माणसाला तानपुऱ्याबद्दल आम्ही काय सांगावं, पण सेटवर तो बहुधा गिटारसारखा वाजवला जातो, आणि तुमच्या चांगल्या गाण्याची तिथे माती होते.

फाइल 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, डब्ल्यूएव्ही. आवाजाची पातळी प्रत्येक चॅनल आपली ठरवून देतं, ती लेखी मागा. टायटल 40 सेकंदांचं म्हणजे 1000 फ्रेम, पण फाइल तिथेच तोडू नका. शेवटच्या स्वराची गुंज विरेपर्यंत दोनेक सेकंद शेपूट ठेवा, संकलक चित्राखाली ते उतरवतो.

आणि आता पाचवी ओळ. ते सगळे ट्रॅक सुटे मागतील: ताल वेगळा, वाद्यं वेगळी, कोरस वेगळा, आणि तुमचा कोरडा आवाज वेगळा. मिश्रणासाठी ते लागतंच, नाही म्हणू नका. पण कोरडा, गुंज न लावलेला, तासन्‌तासांचा स्वच्छ आवाज म्हणजे यंत्राला तुमचा आवाज शिकवायची आयती सामग्री. वर्षभर मालिका चालली की त्यांच्याकडे तुमचे पन्नास-साठ असे ट्रॅक असतील. उद्या ‘एक ओळ बदलायची आहे, ताईंना कशाला त्रास’ म्हणून यंत्राकडून गाऊन घेणं सोपं आहे. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंग यांच्या दाव्यात परवानगीशिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेनं आवाजाची नक्कल करण्याला अंतरिम मनाई केली. ते नामांकित गायकाच्या बाबतीत झालं. तुम्ही नव्या आहात, तुम्हाला कोर्टाची वाट धरायला लागू नये म्हणून आत्ताच लिहून घ्या:

«गायिकेच्या ध्वनिमुद्रणाचा वापर तिच्या आवाजाचं कृत्रिम प्रतिरूप तयार करण्यासाठी किंवा संगणकीय प्रणालीच्या प्रशिक्षणासाठी तिच्या स्वतंत्र लेखी संमतीशिवाय केला जाणार नाही.»

यावर कुणी हरकत घेतली, तर का घेतली हे जरूर विचारा.

ओवीबद्दल. जात्यावरची ओवी परंपरेची, तिला मालक नाही, ती कुणीही गाऊ शकतं. तुम्ही तिच्याभोवती जी चाल आणि आतेभावानं जे नवे शब्द उभे केले ते तुमचे. श्रेयात ‘पारंपरिक ओवीवर आधारित’ असं लिहा आणि क्यू शीटमध्येही तसंच. पण नुसतं ‘पारंपरिक’ लिहू देऊ नका, तसं झालं की तुमचा वाटा शून्य. एक शंका मात्र आजीलाच विचारून फेडून घ्या: ती ओवी जुनी, ऐकीव, की आजीनं स्वतः रचलेली? तिची स्वतःची असेल तर ती गीतकार आहे, तिचं नाव आणि वाटा दोन्ही लागेल.

नायिका पुढे अभंग, बंदिशी, जुनी भावगीतं गाणारच. तिथे निर्मात्याला सावध करा. तुकोबांचे शब्द सर्वांचे, पण आपण ज्या चालीत तो अभंग ओळखतो ती विसाव्या शतकातल्या कुणा संगीतकाराची असू शकते, आणि ती त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं त्याच्या वारसांची किंवा कंपनीची. अठराव्या शतकातल्या सदारंगाची बंदिश मोकळी. गदिमांचं निधन 14 डिसेंबर 1977 चं, म्हणजे त्यांचे शब्द 31 डिसेंबर 2037 पर्यंत संरक्षित. ‘दोनच ओळी आहेत’ किंवा ‘दहा सेकंदांपर्यंत चालतं’ असा कोणताही नियम कायद्यात नाही. परवानगी आणणं निर्मात्याचं काम, पण तुमच्या करारात ‘सर्व साहित्य मूळ आहे, दावा आल्यास भरपाई गायिका देईल’ असं वाक्य असेल तर ते फक्त तुमच्या स्वतःच्या चालीपुरतं मर्यादित करून घ्या.

हिंदी डबिंगमध्ये शब्द बदलतील, गायिकाही बदलेल, चाल तुमचीच राहील. म्हणजे संगीतकार म्हणून वाटा चालू, गायिका म्हणून नाही. आतेभावाच्या शब्दांचा अनुवाद केला तर भाषांतराचा हक्क त्याचा, म्हणून त्याच्या करारात त्याचा वेगळा उल्लेख हवा. ओटीटीचं वर आलंच.

गणपतीत गा, जरूर गा. चौथी ओळ करारात आली की तुमच्या बाजूनं प्रश्न उरत नाही. तिकीट लावलेला कार्यक्रम असेल तर सोसायटीचा परवाना आयोजकानं काढायचा, आणि कार्यक्रमानंतर गायलेल्या गाण्यांची यादी सोसायटीला द्यायची, म्हणजे तुमच्याच गाण्याचा तुमचाच वाटा तुम्हाला परत येतो. अडचण येईल ती यूट्यूबवर. कार्यक्रमाचं चित्रण टाकलंत की कन्टेंट आयडी ते गाणं ओळखून कंपनीच्या नावे दावा लावेल, कारण यंत्राला करार वाचता येत नाही. तुमचं चॅनल मोकळं ठेवायला, म्हणजे व्हाइटलिस्ट करायला, कंपनीला आधीच सांगा. चॅनलचा आयडी करारासोबत पाठवा.

करांचं पटकन. मानधनातून आणि रॉयल्टीतून 10 टक्के टीडीएस कापला जाईल, तो तुमच्या पॅनवर दिसतोय ना ते दर तिमाहीला बघा. चालीचा किंवा शब्दांचा कॉपीराइट निर्मात्याला वा म्युझिक कंपनीला देताना त्यावरचा जीएसटी घेणाऱ्यानं भरायचा असतो, यालाच रिव्हर्स चार्ज म्हणतात. गायनाच्या मानधनाला ती सोय नाही, मात्र वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही. बिलं म्हणूनच वेगळी करा: एक चालीचं, एक गायनाचं.

सोमवारच्या आधी करायचं ते असं. आज रात्री टायटलचं नोटेशन, शब्द आणि पहिला मोबाइलवरचा कच्चा ट्रॅक एका ईमेलात घालून आतेभावाला पाठवा, म्हणजे तारखेचा पुरावा राहील. हवं तर नंतर कॉपीराइट कार्यालयात नोंदणी करा. शब्दांची 500 रुपये, चालीची 500 रुपये, ऑनलाइन अर्ज, हरकतीसाठी 30 दिवस थांबावं लागतं. ती सक्तीची नाही, हक्क निर्मितीपासूनच असतो, पण वादात हातात कागद असलेला बरा. उद्या आयपीआरएसचा अर्ज सुरू करा. परवा प्रॉडक्शनला ईमेल: काम आनंदानं करते आहे, सोबत पाच ओळींची दुरुस्ती जोडली आहे, आणि आतेभावाचा करार वेगळा पाठवावा. फोन आला तर नम्रपणे म्हणा, ‘दादा, मेलवर कळवा, आतेभावाला दाखवायचंय.’ त्यांनी काहीच बदलायला नकार दिला आणि काम तुम्हाला हवंच असेल, तर सही करताना सहीखाली हातानं ‘कॉपीराइट कायद्याच्या कलम 18 व 19 नुसार रॉयल्टीचा हक्क राखून’ एवढं लिहा, तारीख घाला आणि दोन्ही पानांचा फोटो काढून ठेवा.

पहिला भाग लागला की श्रेयनामावली थांबवून बघा, तुमचं नाव बरोबर आहे का. मग एकतिसाव्या दिवशी क्यू शीटची प्रत मागा.